मुलकी मासे, गैरमुलकी मासे : एक प्रस्तावना

हैदराबाद संस्थानच्या अमदानीत ज्यांच्या घरातील कोणी ना कोणी सरकारी दप्तरात चाकरीस होते, त्यांना ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ हा भेद निराळा समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. १९१९ च्या फर्मानाने पक्का झालेला नियम असा की, संस्थानात सलग पंधरा वर्षे वस्ती केल्याचा आणि मूळ मुलखात परत न जाण्याच्या निर्धाराचा पुरावा जो हजर करील तोही मुलकी समजावा, आणि सरकारी नोकरीवर पहिला हक्क मुलक्यांचा असावा. काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार या मोहल्ल्यांतील मराठी घरांतून, मराठवाड्याचे म्हणून जन्मतःच मुलकी असलेले आणि इंग्रजी मुलखातून येऊन त्या दाखल्यासाठी वर्षे मोजीत असलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक एकाच पंगतीस बसत. १९५२ चे आंदोलन, १९७२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि पुढच्याच वर्षी घटनादुरुस्तीने झालेली या नियमाची समाप्ती हा सारा इतिहास येथे उगाळण्याचे कारण नाही; माणसांच्या बाबतीत हा भेद कितपत न्याय्य होता याविषयी माझे मत प्रतिकूलच आहे. परंतु माणसांच्या बाबतीत संकुचित वाटणारी ही कल्पना नदीतील माशांना लावली असता अगदी शास्त्रशुद्ध ठरते, आणि ज्या राज्यकर्त्यांनी तिचा अंमल माणसांवर इतक्या कसोशीने केला त्यांनी, किंवा त्यांच्यामागून आलेल्या कोणीही, ती माशांना लावून पाहिली नाही, हा या पुस्तकाच्या विषयाचा गाभा आहे. नद्यांत, तलावांत आणि धरणांच्या जलाशयांत बाहेरचे मासे सोडण्याच्या प्रथेला कायद्याचे बंधन कसे घालावे, आणि ते न घातल्यामुळे दख्खनच्या मूळ माशांचे काय झाले, याचा विचार पुढील प्रकरणांतून केलेला आहे.

माशाचा मुलूख म्हणजे त्याच्या नदीचे पाणलोट क्षेत्र. पक्षी उडून जातो, पशू डोंगर ओलांडतो, वनस्पतीचे बीज वाऱ्यावर जाते; गोड्या पाण्यातील माशाला मात्र दोन नद्यांमधील एखादी बुटकी टेकडीदेखील समुद्राइतकी दुर्लंघ्य असते. हैदराबाद शहर अशाच एका जलविभाजकाच्या जवळ वसलेले आहे. आमची मुसी वाडपल्लीपाशी कृष्णेस मिळते, आणि वायव्येकडून येणारी मांजरा गोदावरीस. या शहराच्या नळांतून मात्र दोन्ही खोऱ्यांचे पाणी वाहते. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीतील उतारू रात्रीच्या झोपेत एक खोरे सोडून दुसऱ्यात जातो, आणि बासरच्या पुलावर गोदावरीत पैसा टाकण्यासाठी जागा झालाच तर तेवढ्यापुरती त्याला नदी बदलल्याची वार्ता लागते. कृष्णा आणि गोदावरी यांचे पुष्कळसे मासे समान आहेत हे खरे. तथापि गंगेच्या, कावेरीच्या किंवा पश्चिमवाहिनी कोकणी नद्यांच्या माशांपासून दख्खनचे मासे लक्षावधी वर्षे तुटून राहिले, आणि त्या एकांतात त्यांच्या स्वतंत्र जाती घडल्या.

त्यांची पहिली शास्त्रीय मोजदाद आमच्याच भाषेच्या मुलखात झाली. मुंबई सरकारने दख्खनच्या सांख्यिकी पाहणीसाठी नेमलेला लेफ्टनंट कर्नल सायक्स याने पुण्याच्या मुळा-मुठेतून, भीमेतून आणि घोडनदीच्या परिसरातून मासे गोळा केले, आणि १८३९ च्या सुमारास त्यांची वर्णने लंडनला प्रसिद्ध केली. खुद्री, पोटेल, नुक्ता, सांडखोळ, मुसळा ही नावे त्याने भोयांच्या तोंडून ऐकून जशीच्या तशी लॅटिन शास्त्रनामांस जोडली. यांतील नुक्ता हा कृष्णेच्या खोऱ्यातला मासा एकदा पाहिला म्हणजे विसरता येत नाही: मुस्कटाच्या पुढे आडवी खोल खाच, तिच्यावर कपाळाकडून पुढे झुकलेला टेंगळासारखा उंचवटा, आणि खाली दगडावरचे शेवाळ खरवडून खाण्यासाठी वळलेले तोंड. आज नुक्ता, सांडखोळ, पोटेल हे तिन्ही आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहेत. सायक्सनंतर शंभर वर्षांनी, १९४० च्या दशकात, निजामाच्या मत्स्यखात्याचे रहीमुल्ला यांनी हैदराबाद राज्यातील माशांची पाहणी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध केली. या दोन पाहण्या म्हणजे आमच्या नद्यांची जणू जुनी जमाबंदीच होय. कोण मूळचा आणि कोण मागून आलेला, याचा तंटा उपस्थित झाल्यास पहिला कागद तेथूनच काढावा लागतो.

मागून आलेल्यांची हकिकत लांब आहे, आणि तिचा आरंभ सद्धेतूने झालेला आहे. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे उत्तरेकडील, गंगेच्या बाजूचे. (कटल्याची नोंद फ्रान्सिस डे याने आपल्या ग्रंथात कृष्णेपर्यंत दिलेली आहे, तेव्हा त्याच्यापुरता वाद शिल्लक ठेवणे बरे, रोहू आणि मृगळ यांचे पाहुणेपण मात्र निर्विवाद आहे.) गंगेच्या पात्रातून गोळा केलेले जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू, एके काळी हावड्याहून रेल्वेने देशभर जात असे. जुलै १९५७ मध्ये ओरिसात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन हौदात घडवून आणले, तेव्हापासून नदीवरचे अवलंबन सुटले आणि जिरे, बीज, बोटुकली या क्रमाने मासा कारखान्यातील मालाप्रमाणे तयार होऊ लागला. तत्पूर्वी १९३९ साली सिलोनमधून सायप्रिनस आला होता. १९५९ साली चंदेरा आणि गवत्या हे दोन चिनी मासे आले. आणि डासांच्या बंदोबस्तासाठी १९२८ सालीच इटलीहून आलेला गॅम्बुशिया आजही आमच्या महानगरपालिका मोठ्या उत्साहाने तलावांतून सोडीत असतात, जणू त्याला डासाच्या अळ्यांखेरीज दुसऱ्या माशांची अंडी वर्ज्यच आहेत.

१९५२ साली सिलोनमधूनच तिलापिया आला, आणि त्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे. सात वर्षांत, १९५९ साली, त्याच्या प्रसाराला मनाई करण्याची शिफारस झाली. परंतु तोवर तो कागदांच्या पुढे निघून गेला होता. त्याच्या यशाचे मर्म त्याच्या प्रपंचात आहे. दख्खनचे बहुतेक मोठे मासे वर्षातून एकदाच, मृगाच्या पुराचे गढूळ पाणी आले म्हणजे, प्रवाहाविरुद्ध चढून उथळ ओढ्यांत अंडी घालतात. पाऊस लांबला, वाटेत बंधारा आला, अथवा ओढा आटला, तर त्या वर्षाची पिढी बुडाली. तिलापियाला यांतील कशाचीच गरज नाही. नर काठाजवळच्या चिखलात ताटलीएवढा खळगा करतो, मादी अंडी घालून ती लगेच तोंडात घेते, पिल्ले बाहेर पडून पोहू लागली तरी धोका दिसताच त्यांना पुन्हा तोंडात घेते, आणि हा क्रम वर्षातून अनेक वेळा चालतो. भीमेवरील उजनीच्या जलाशयात आज हाच मासा उदंड आहे. भिगवणच्या बाजारात त्याला ‘चिलापी’ म्हणतात आणि त्याच्यावर शेकडो घरांच्या चुली पेटतात. पंधरा वर्षांच्या वस्तीने मुलकी ठरवावयाचे म्हटले तर चिलापीचा दाखला केव्हाच मंजूर झाला असता; परंतु माणूस वस्तीने मुलखाशी जुळवून घेतो, आणि चिलापीने मुलूखच आपल्याशी जुळवून घेतला आहे.

आमच्या शहरात या साऱ्याचे दृश्य रूप पाहावयाचे असेल तर मृगाच्या पहिल्या दिवशी रामनगरच्या मासळीबाजारात जावे. त्या दिवशी मासे खाण्याची येथील रीत असल्यामुळे पहाटेपासून रेटारेटी असते. थर्माकोलच्या पेट्यांतून बर्फ झटकून काढलेल्या रोहूंच्या आणि कटल्यांच्या, म्हणजे तेलुगूतील बोच्च्यांच्या, राशी हातगाड्यांवर रचलेल्या, विळ्यांवर खवले उडत असलेले, आणि बाजूला घमेल्यातील वीतभर पाण्यात जिवंत मरळ तोंड वर काढीत असलेली. त्याच दिवशी नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दम्याचे हजारो रुग्ण औषध भरलेले मरळीचे जिवंत पिल्लू गिळण्यासाठी रांगा लावतात. तेलंगणाने ही मरळ आपला राज्यमत्स्य ठरविली आहे. तीच तेवढी त्या गर्दीत येथली. बाकीच्या राशींपैकी दख्खनच्या नद्यांचे स्वतःचे म्हणावेत असे मासे फार थोडे.

येथपर्यंतच्या हकिकतीत परका म्हणजे परदेशातला किंवा उत्तरेतला, अशी समजूत वाचकाची झाली असेल. ती पुरती चुकीची नाही, पण अपुरी आहे, आणि तिचे अपुरेपण ज्या प्रकरणात उघड होते त्यातील पाहुणा दुसरा कोणी नसून महाराष्ट्राचा मासा आहे.

सायक्सला मुळा-मुठेत सापडलेला खुद्री हा दख्खनचा महसीर. धरणे, सुरुंग आणि विषप्रयोग यांमुळे तो झपाट्याने कमी होत असल्याचे पाहून महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे निवृत्त संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्यास, टाटांच्या वीजकंपनीच्या तलावांवर, त्याचे कृत्रिम प्रजनन साधले. इंद्रायणीच्या खोऱ्यातील वळवण येथील त्या केंद्रातून पुढील दशकांत लक्षावधी बोटुकल्या निघाल्या. मत्स्यशास्त्राच्या इतिहासात हे कार्य मोठेच आहे, आणि त्याचे मोल कमी करण्याचा या ग्रंथाचा हेतू नाही. घोटाळा पुढे झाला. बोटुकल्या भरपूर झाल्यामुळे त्या मागेल त्या राज्याला मिळू लागल्या, आणि त्यांतील काही कर्नाटकात कावेरीत सोडल्या गेल्या.

कावेरीत स्वतःचा महसीर होता, आणि तो साधासुधा नव्हता. हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या गळाच्या शिकारीवरील ग्रंथापासून त्याची कीर्ती जगभर पसरलेली. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा मासा गळाने धरला, तो याच जातीचा मानतात. पाठीवर उंच मदार, पर नारिंगी झाकेचे. १९७८ पासून इंग्रज शिकारी पुन्हा येऊ लागले, गालिबोरे, भीमेश्वरी, दोड्डमाकळी या ठिकाणी मुक्काम उभे राहिले, आणि मासा धरून मोजून परत सोडण्याचा शिरस्ता पडला. या मुक्कामांची पुढे जी उपयुक्तता ठरली ती मात्र कोणी योजलेली नव्हती. गालिबोरे येथे प्रत्येक धरलेल्या माशाची नोंद वहीत होत असे. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून २०१५ साली प्रसिद्ध केल्या, तेव्हा असे आढळले की मदारीचा मूळ महसीर वर्षागणिक कमी होत गेला, त्याची लहान पिल्ले सापडेनाशी झाली, आणि त्याच काळात निळसर परांचा दुसरा महसीर वाढत गेला. हा निळा पाहुणा म्हणजे आमचा खुद्री. २०१२ साली अभयारण्यातील गळाची शिकार बंद झाली आणि तिच्याबरोबर वहीही मिटली. माशाच्या नावाचा निकाल तर २०१८ साली लागला. सुमारे दीड शतक जगप्रसिद्ध असलेल्या या माशाला निश्चित शास्त्रनामच नव्हते. पुण्याचे नीलेश दहाणूकर यांचाही सहभाग असलेल्या संशोधनाने तो केरळातील पांबार नदीत २००७ साली वर्णिलेल्या ‘टोर रेमादेवी’ जातीचाच असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला, आणि पूर्वी संकटग्रस्त असलेल्या खुद्रीला त्याच सुमारास चिंतामुक्त वर्गात बसविण्यात आले. एका माशाच्या उद्धाराची आणि दुसऱ्याच्या ऱ्हासाची नोंद एकाच यादीत व्हावी, हा योग अपूर्वच म्हटला पाहिजे. कावेरीतील ऱ्हासाला धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग हेही कारणीभूत आहेतच. केवळ खुद्रीच्या माथी सारा दोष मारणे न्यायाचे होणार नाही. पण शेजारच्या खोऱ्यातून आणून सोडताना कोणालाही परवाना मागावा लागला नाही, हे त्या साऱ्या कारणांहून निराळे आणि टाळता येण्याजोगे कारण होते.

परवाना मागावा लागला नाही, कारण तसे कलमच नव्हते. आपल्याकडील मत्स्यविषयक कायद्याचा पाया १८९७ चा. त्यात सुरुंग आणि विष यांना मनाई आहे, आणि जाळ्याचे आस, बंदीची मुदत वगैरे ठरविण्याचा अधिकार सरकारांना आहे. महाराष्ट्राचा १९६० चा कायदा त्याच घडणीचा. हे कायदे पाण्यातून काय काढावे यावर पहारा ठेवतात, पाण्यात काय सोडावे याची चौकशी करीत नाहीत. आणि कायद्याला तरी एकट्याला दोष का द्यावा? आपली धर्मबुद्धीही तशीच आहे. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने महसीर राखलेले आहेत आणि तेथे गळ टाकण्याची कोणाची छाती नाही. परंतु जिवंत मासा पाण्यात सोडणे हे आपल्याकडे सर्वत्र पुण्यकृत्य, मग तो शोभेच्या काचपेटीत मावेनासा झालेला सकर मासा का असेना. कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही खोऱ्यांत आज हा खवल्यांच्या जागी हाडांचे चिलखत ल्यालेला दक्षिण अमेरिकेचा मासा जाळी फाडीत हिंडतो आहे. आफ्रिकी मांगुराला केंद्र सरकारने २००० साली मनाई केली, आणि तरीही त्याचे चोरून पोसलेले हौद नष्ट केल्याच्या वार्ता उजनीच्या परिसरातून वरचेवर येत असतात.

२०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकीय जातींना प्रथमच कायद्याच्या कक्षेत आणले, आणि त्याबद्दल सरकारचे अभिनंदन केले पाहिजे. परंतु त्या दुरुस्तीतील व्याख्या पाहावी: जी जात मूळची भारतातील नाही ती परकीय. तेव्हा तिलापिया सापडतो, सकर सापडतो, मांगूर सापडतो. कावेरीतील खुद्री आणि कृष्णेतील रोहू मात्र अस्सल भारतीय म्हणून निर्वेध सुटतात. राष्ट्राची सरहद्द माणसांनी आखलेली, खोऱ्याची सरहद्द उताराने. आणि मासा दुसरीच ओळखतो. त्यातच मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या सूचीत घातलेला असल्यामुळे कृष्णेसारख्या नदीवर महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र या चारांचा चार प्रकारचा अंमल चालतो. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने त्या वेळच्या तीन राज्यांत पाण्याचा थेंबन् थेंब वाटून दिला. त्या पाण्यातील माशांचा दावा मांडण्यास तेथे कोणी वकील नव्हता. २०१५ पासून पट्टिसीमा योजनेने गोदावरीचे पाणी कालव्याने कृष्णेत पोचू लागले आहे, म्हणजे जी भिंत निसर्गाने बांधली तीही आता आपण पाडावयास घेतली आहे.

इतर देशांची उदाहरणे लेखकाने पुष्कळ दिली आहेत. त्यांतील दोन मला विशेष वाटली. इंग्लंडात नदीत किंवा तळ्यात कोणताही मासा सोडण्यापूर्वी लेखी परवानगी घेण्याचे बंधन १९७५ च्या कायद्याने घातले, आणि हे बंधन स्वदेशी माशासही लागू आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्याने १९७० च्या दशकात आपल्या नद्यांत बीजकेंद्रातील ट्राउट सोडणे बंद केले, कारण मॅडिसन नदीवरील पाहणीत असे दिसले की जेथे सोडणे थांबले तेथे रानटी मासे आपण होऊन वाढले. ज्या खात्याचा लौकिक सोडलेल्या माशांच्या आकड्यावर मोजला जातो त्याला हे पटविणे किती अवघड असेल, याची कल्पना सरकारी चाकरी केलेल्या कोणालाही करता येईल.

आकड्यांचा हा मोह आमच्याकडेही प्रबळ आहे. २०१६ पासून तेलंगणा सरकार दर पावसाळ्यात कोट्यवधी बोटुकल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना विनामूल्य पुरवून तलावांत आणि जलाशयांत सोडविते. त्यांत कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस हेच मुख्य. मुदिराज आणि गंगपुत्र समाजांतील घरांना या योजनेने आधार मिळाला आहे, आणि ‘नुक्ता वाचवा’ म्हणून त्यांच्या ताटातील रोहू काढून घेण्याचा उपदेश करणे हे पोट भरलेल्याचे पांडित्य होईल. तलाव बंदिस्त असतो, तेथे परका मासा वाढविल्याने नदीचे काय बिघडते, असा त्यांच्या बाजूने युक्तिवाद केला जातो, आणि तो वरवर बिनतोड दिसतो. परंतु तेलंगणाचे तलाव काकतीयांच्या काळापासून साखळीने बांधलेले आहेत; वरचा भरला की त्याच्या सांडव्यावरून पाणी खालच्यात, खालच्याचे ओढ्यात, आणि ओढ्याचे नदीत. चांगल्या पावसाच्या वर्षी सांडवा वाहू लागला म्हणजे त्यावरून उड्या घेणारे मासे पकडायला पोरे फडकी घेऊन उभी असतात, ती या युक्तिवादाचे खंडनच करीत असतात.

नियमन म्हणजे सरसकट मनाई, असा अर्थ लेखकाने घेतलेला नाही, आणि मलाही तो मान्य नाही. साखळीच्या तळाशी असलेल्या आणि नदीला थेट मिळणाऱ्या पाण्यात एक नियम, शेततळ्यात दुसरा. नदीत सोडावयाचे झाल्यास त्याच नदीतून धरलेल्या नरमादींचीच पिल्ले. आणि प्रत्येक सोडण्याची नोंद, अशी ही मांडणी आहे. यातील दुसरे तत्त्व केंद्राच्या नदी-संचयन कार्यक्रमाने कागदावर स्वीकारलेले आहे. तो कार्यक्रम राबविणारे राष्ट्रीय मात्स्यिकी विकास मंडळ याच शहरात, माशाच्याच आकाराच्या त्या सुप्रसिद्ध इमारतीत आहे, आणि पिल्लू कोणत्या खोऱ्यातील वंशाचे हे रक्ताच्या थेंबावरून सांगू शकणाऱ्या प्रयोगशाळाही तेथून फार दूर नाहीत. साधनांची वाण कोठेच नाही. उणीव आहे ती नोंदवहीची. कोणत्या केंद्रातील, कोणत्या जनकांची, किती बोटुकली, कोणत्या घाटावर, कोणत्या तारखेस सोडली, हे पाच रकाने चारही राज्यांनी एका नमुन्यात भरून एकमेकांस पाठविले तरी निम्मे काम झाले, असे मी मानतो. गालिबोरेच्या मुक्कामावरील नोंदी नसत्या तर कावेरीतील महसीर कशाने गेला हा प्रश्नदेखील विचारता आला नसता.

पुस्तकाची प्रकरणे कालानुक्रमे लावलेली असली तरी ज्यांना कायद्याच्या कलमांचा कंटाळा आहे त्यांनी कावेरीच्या प्रकरणापासून आरंभ करावा आणि मग मागे यावे. मच्छीमार संस्थांच्या चालकांनी मात्र शेवटचे प्रकरण आधी वाचावे; मरळ, तांबीर आणि सांडखोळ यांचे बीज तयार करण्यास काय खर्च येतो आणि तो पहिली काही वर्षे सरकारने का सोसावा, याचा हिशेब त्यात मांडला आहे, आणि त्यातील दोन-तीन रकमा मला कमी धरल्यासारख्या वाटतात, हे मी लेखकाला कळविले आहे.

काचीगुडा, हैदराबाद